वेतवाल्यांना घ्यायला कोण येणार?

आमच्या घरासमोर वेतवाले राहतात. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मधे एक लाकडी जिना. हा जिना वेतवाले चढताना गप्प असतो आणि उतरताना करकरतो. गेलेल्या माणसाबद्दल मागून बोलायची सवय आमच्या गल्लीत जिन्यांनासुद्धा आहे.

वेतवाल्यांचा धंदा खुर्च्या विणायचा. बैठक फाटलेली खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन कोणी गल्लीत शिरलं, की मी खिडकीतूनच ओळखतो, यांच्याकडे एक तर पाहुणे येणार आहेत किंवा नवराबायकोचं वाजलंय. दुकानात एका मोठ्या टबात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या असतात. भिंतीवरच्या खिळ्यांना लोकांच्या खुर्च्या टांगलेल्या असतात, आणि वेतवाले स्वतः खाली पोत्यावर, गुडघ्यांत लाकडी चौकट आवळून. हा माणूस जन्मात खुर्चीत बसला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खुर्ची गिऱ्हाइकाची. बेकरीवाला काय स्वतःच केक खात बसतो?"

"बसतो," मी म्हणालो. "त्याचं पोट बघा एकदा."

त्या दिवशी दिवे लागेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता त्यांचं एक वाक्य सांगतो, कारण सगळं रामायण त्या वाक्यानं केलंय. ओला वेत मऊ असतो, हवा तसा वळतो. विणून झाला की वाळता वाळता आवळत जातो, मग त्यावर हत्ती बसवा. पण वाळायच्या आत कोणी टेकलं की बैठकीची झोळी होते, ती कायमची. म्हणून दुकानात पाऊल टाकणाऱ्याला, मग तो पोस्टमन असो की डॉक्टर, पोत्यावरून आवाज यायचा, "वाळलीय का बघून बसा!" तुम्हीआम्ही 'या, बसा' म्हणतो, ते हे म्हणायचे.

वेतवाल्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनींचा धाकटा भाऊ शाळेत कवायत शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. वर्षानुवर्षं मैदानावर पळून पळून पोरं बारीक होत गेली आणि शिट्टी वाजवून वाजवून मास्तर रुंद. मेव्हण्यामेव्हण्यांची चेष्टा सगळ्याच घरांत चालते, पण इथे वेतवाल्यांना एक घबाड सापडलं होतं.

झालं असं. लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली. बसायला जागा नको का, म्हणून दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या खुर्च्या वर नेल्या. एक नुकती विणलेली, ओली, पट्ट्या धरणाऱ्या कडेच्या खुंट्यासुद्धा अजून पक्क्या न ठोकलेली खुर्ची कोपऱ्यात वाळत होती. मास्तर उशिरा आले. कोपऱ्यातली नवीकोरी पिवळीधमक खुर्ची बघितली, "ही माझी!" म्हणाले आणि बसले. बसले ते थेट जमिनीवर. चौकट काखेत, गुडघे हनुवटीला. होणारे जावई, त्यांचे वडील आणि आणखी दोघं ओढताहेत आणि मास्तर निघत नाहीत. लग्न तिथेच ठरलं म्हणा. ज्या घरात इतकं हसायला मिळतं तिथे मुलगा द्यायला कोण नको म्हणेल?

पुढे प्रत्येक बैठकीत वेतवाले हा किस्सा सांगायचे. मास्तर बसायला लागले की सगळे मिळून, "वाळलीय का बघून बसा!" मास्तर लाल व्हायचे, पण बहिणीकडे बघून गिळायचे. गिऱ्हाइकाला दुसरी देऊन ती तुटलेली खुर्ची वेतवाल्यांनी ठेवून घेतली, दुरुस्तही केली नाही. सगळ्यात वरच्या खिळ्याला टांगून ठेवली, लोकांना दाखवायला.

मग वहिनी गेल्या.

लेक तेव्हा परदेशात. ती दुसऱ्या दिवशी पोचली. पहिल्या दिवशी माणसं खाली दुकानातच येऊन बसत होती. कोणी बोलत नव्हतं. वेतवाले आपल्या पोत्यावर, मान खाली, हातात उगाच एक पट्टी. मास्तर आले. रडून डोळे सुजलेले. कोणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली, तिचे पाय फरशीवर वाजले, आणि तो आवाज ऐकून वेतवाले मान वर न करता म्हणाले, "वाळलीय का बघून बसा."

चेष्टा नव्हती ती. समोर कोण आहे हे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. आयुष्यभराची सवय, तोंडातून निघून गेली. पण कोपऱ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि मग दुःखाच्या घरी दाबलेलं हसू फुटतं तसं ते सगळ्या दुकानभर फुटलं.

मास्तर बसले नाहीत. सगळं पार पडेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले, आणि मग गेले ते गेलेच. गेली चार वर्षं त्यांनी या दुकानाची पायरी चढलेली नाही. वेतवाल्यांनीही फोन केला नाही. करून म्हणणार काय?

गंमत अशी की लेकीला यातलं काही माहीत नाही. ती तिकडून विचारायची, "बाबा, मामा येतो ना अधूनमधून?" हे म्हणायचे, "येतो की." मग ती मामाला फोन करायची, "बाबा बरे आहेत ना?" मास्तर म्हणायचे, "ठणठणीत! कालच तर भेटलो." दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण खोटं बोलताना असं एकमत, की सख्ख्या भावांतही नसतं.

तर, यंदा लेकीनं बापाला सुट्टीला म्हणून तिकडे बोलावून घेतलं. घर छान होतं. सोफा तर इतका मऊ, की वेतवाले एकदा बसले आणि जावयानं हात दिला तेव्हा उठले. सकाळी लेक, जावई आणि नात आपापले डबे घेऊन तीन दिशांना जायची. जाताना तिघंही गालाला गाल लावायची. मग दार बंद व्हायचं, आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात फक्त फ्रीज बोलायचा. रस्त्यावर माणूस नाही. खुर्ची उलटी डोक्यावर घेऊन येणारं तर कोणीच नाही. तिकडे खुर्ची मोडली की टाकून देतात. एकटेपणा इकडेही होताच, पण तो त्यांच्या ओळखीचा होता. तिकडचा परका होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी लेकीनं विषय काढला.

"बाबा, तुम्ही जाऊच नका."

"दुकान आहे."

"काय आहे त्या दुकानात? मोडक्या खुर्च्या."

"मोडक्याच येणार. चांगल्या कोण आणून देईल?"

"चेष्टा नको हं. उद्या जिन्यावरून पडलात तर कोणाला कळेल?"

"समोरच्याला. मी शिंकलो तरी त्याला कळतं."

(हा समोरचा म्हणजे मी. आणि कळतं, हे खरं आहे.)

"ते नुसते बघत बसतात," लेक म्हणाली. "तुमचं स्वतःचं माणूस कोण आहे तिथे? मामा आहे म्हणता. ठीक. मामा उद्या विमानतळावर घ्यायला आला, तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही आला, तर मी तिकीट काढून येते, दुकान रिकामं करते आणि तुम्हाला इथे घेऊन येते. उतरलात की मला फोन करून त्याच्या हातात द्यायचा. मला त्याचा आवाज ऐकायचाय."

आणि तिथेच तिनं मामाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "येतो की!" मास्तरांचा आवाज खोलीभर झाला. "दाजींना मी नाही आणणार तर कोण आणणार? तू काळजी नको करू गं, बाळा."

वेतवाले नातीच्या छोट्या स्टुलावर बसून ऐकत होते. चार वर्षांनी ऐकला तो आवाज. किती मायेनं भरलेला. त्यातलं एक थेंबभरही आपल्यासाठी नाही, हे त्यांना कळत होतं. मास्तर येणार नाहीत, हेही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर गणवेशातला एक माणूस व्हीलचेअर घेऊन हजर झाला.

"ही कोणाला?"

"तुम्हाला," लेक म्हणाली. "मीच लिहिलं होतं तिकिटाबरोबर."

"मला काय झालंय? जिना चढतो मी, खुर्ची डोक्यावर घेऊन."

"काही झालं नाही हो बाबा, पण हा तुम्हाला नेईल, मधल्या विमानतळावर दुसरा नेईल. नाहीतर पाट्या वाचत बसाल आणि तिसऱ्याच देशात उतराल. शिवाय शेवटचा माणूस तुम्हाला मामाच्या ताब्यात देईल. तसा नियमच आहे त्यांचा."

जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्च्या विणणारा माणूस अशा रीतीनं पहिल्यांदा खुर्चीत बसला. बसण्याआधी त्यांनी सवयीनं बैठक तळव्यानं दाबून बघितली. रेक्झिन होतं. ताणलेलं बरं होतं.

काचेच्या दारापलीकडे लेकीला येता येत नव्हतं. तिनं वाकून त्यांना मिठी मारली, नातीनं चाक फिरवून पाहिलं, आणि गणवेशवाल्यानं खुर्ची वळवून जी झपाट्यानं ढकलली, की निरोपाचं उरलेलं वाक्य वेतवाल्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांनी मागे वळून पाहिलं. व्हीलचेअरमधून मागे वळून बघितलं की ढकलणाऱ्याचं पोट दिसतं. लेक त्याच्या पलीकडे कुठेतरी हात हलवत होती. यांनीही त्या पोटाकडे बघून हात हलवला.

मधल्या विमानतळावर त्यांना एका भिंतीशी नेऊन उभं केलं. उभं म्हणजे बसलेलंच. तिथे अशा बऱ्याच खुर्च्या ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीत कोणाचे तरी आई किंवा बाप. मांडीवर पिशवी आणि छातीवर पारपत्राची थैली. पुढच्या विमानाला वेळ होता. गणवेशातली माणसं गेली आणि जरा वेळानं ओळीतल्या एका आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं, उठले आणि तरातरा चालत पाणी प्यायला गेले. मग दुसरे उठले. मग तिघी बायका मिळून साबणाच्या दुकानात जाऊन आल्या. इतके धडधाकट पाय एकाच वेळी लपवलेले वेतवाल्यांनी कधी पाहिले नव्हते. लांबून गणवेश दिसला, की सगळे आपापल्या खुर्चीत लुळेपांगळे.

शेजारच्या खुर्चीत जाड स्वेटरातल्या एक आजी होत्या. त्या जाग्या झाल्याक्षणी बोलायला लागल्या.

"तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. तुम्हाला?"

"मलाही काही नाही. लेकीनं बसवलं." मग थोडं वाकून, "घ्यायला कोण येणार?"

"मेव्हणा."

"मेव्हणा?" आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत तपासलं. "मग गुणाचा आहे. बहीण गेल्यावर कोण विचारतो दाजींना."

"बहीण गेली हे तुम्हाला कोण म्हणालं?"

"तुमच्या शर्टाचं बटण. दोरा जाडा, आणि गाठ वरून मारलीय. बाईची गाठ अशी नसते."

वेतवाल्यांनी बटणावर हात ठेवला. गाठ खुर्चीची होती, कडेच्या पट्टीला मारतात तशी. पक्की होती, पण दिसायची.

"मला घ्यायला तिघं मुलगे येतात," आजी सांगत होत्या. "तिघांच्या तीन गाड्या. कोणाच्या गाडीत बसायचं यावरून दर वेळी कडाक्याचं भांडण. तुमचं बरं, एकच मेव्हणा, एकच गाडी. फोन केलात का त्याला?"

"करतो उतरल्यावर."

"उतरल्यावर? अहो, येणार म्हणालाय ना पण तो?"

"म्हणालाय," वेतवाले म्हणाले. हे अगदी खरं होतं. म्हणाला होता.

दुसरं विमान मोठं होतं. दार बंद होण्याआधी सगळं विमान फोनवर होतं. "निघालो गं." "बसलोय, आता बंद करतो." "हो हो, सांगतो उतरल्यावर." वेतवाल्यांनीही फोन काढून हातात धरला. पूर्वी ते नुसते लाकूड आणायला गेले तरी वहिनी म्हणायच्या, पोचल्यावर कळवा. आता पोचायच्या ठिकाणी कळवायला कोणी उरलं नव्हतं. जिला कळवायचं ती लेक मागे राहिली होती, दर मिनिटाला आणखी मागे पडत होती.

त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. पलीकडच्या रांगेतला एक जण म्हणाला, "नशीबवान आहात काका, पसरा मस्त पाय!" यांनी पाय पसरले नाहीत. घोंगडीची पिशवीही स्वतःच्याच मांडीवर ठेवली. जेवण आलं तेव्हा पाव मोडून अर्धा बाजूला ठेवला, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन तोही खाल्ला.

नंतर दिवसाढवळ्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, माणसं झोपली. वेतवाले जागे होते. मास्तरांना काय म्हणायचं ते मनात विणत होते. 'मास्तर, त्या दिवशी माझं चुकलं.' हे पहिलं वाक्य जमलं. पण त्याच्यापुढे जे यायचं ते चेष्टेचंच यायचं. 'चुकलं, पण तूही बघून बसायचंस ना.' खोडायचे, पुन्हा सुरू करायचे. 'मी तुला पाहिलं नव्हतं रे. तुझ्याएवढा माणूस दिसला नाही, म्हणजे बघ.' पुन्हा खोडायचे. या माणसाला थट्टेशिवाय बोलताच येत नव्हतं. ते काम घरात वहिनींकडे होतं. यांनी थट्टा करायची, त्यांनी सरळ करून सांगायचं, "त्यांना म्हणायचंय की वाईट वाटलं." सांगणारी गेली, तेव्हा नुसती थट्टाच शिल्लक राहिली. ढगांवरून जाता जाता हे त्यांना पहिल्यांदा कळलं असावं. त्यांनी मला असं सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "झोप नाही लागली, मान अवघडली." उरलेलं मी जोडलं. समोर राहणाऱ्याला तेवढा हक्क असतो.

विमान दुपारी उतरलं. चाकं टेकली तोच सगळीकडून "उतरलो! उतरलो!" सुरू झालं. दाराशी तिसरी व्हीलचेअर तयार होती. या वेळी दाबून न बघताच ते बसले. ढकलणारा घामाघूम, बोलका.

"चला आजोबा. कोण येणार आपलं?"

"मेव्हणा."

"दिसायला कसे आहेत?"

"दिसल्याशिवाय राहणार नाहीत, असे."

बाहेरच्या दाराशी गर्दी. स्वेटरवाल्या आजी पुढे गेल्या आणि लगेच तिघांनी त्यांना तीन बाजूंनी धरलं. "आई माझ्याकडे येणार!" "मागच्या वेळी तुझ्याकडेच गेली होती!" आजी मधे उभ्या, अगदी स्वतःच्या पायांवर, तोंडभर हसताहेत. वेतवाल्यांनी हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं.

गर्दी हळूहळू पातळ झाली. खुर्ची एका खांबाला टेकवून ढकलणारा उभा होता.

"येताहेत ना नक्की?"

"रस्त्यात असतील."

"तुम्हाला कोणाच्या ताब्यात दिल्याशिवाय मला हलता येत नाही, आजोबा. मागे एक जण असेच उठून चालते झाले, बोलणी मी खाल्ली. घरी लवकर जायचं होतं आज."

वेतवाल्यांच्या खिशात फोन वाजायला लागला. लेक. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. उचलला असता तर ती म्हणाली असती, द्या मामाकडे. खांबापलीकडे एक माणूस लादी पुसत येत होता. त्याला जागा द्यावी म्हणून ढकलणाऱ्यानं खुर्ची जरा सरकवली, आणि तिची चाकं फरशीवर वाजली.

तो आवाज झाला आणि वेतवाल्यांनी मास्तरांचा नंबर लावला.

"कोण?"

"मी. दाजी."

"हं."

"विमानतळावर आहे."

"माहीत आहे."

"पोरीनं मला चाकाच्या खुर्चीत बसवलंय."

"का? काय झालं?" आवाज एकदम चढला, मैदानावरचा. "पडलात का कुठे?"

"नाही रे. धडधाकट आहे. पण कोणी घ्यायला आल्याशिवाय उठू देत नाहीत. इतका वेळ झाला, बसूनच आहे."

विमानात जमवलेलं पहिलं वाक्य आता म्हणायचं होतं. त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात पलीकडून मास्तर हळूच, अगदी सरळ सुरात म्हणाले, "वाळलीय का बघून बसलात ना?"

मास्तर हसले नाहीत. वेतवालेही हसले नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं वाक्य पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला आलं होतं, चाकांवर बसलेलं असताना, चारचौघांत, उठता येत नसताना. त्यांना ते बराच वेळ गिळता येईना.

"नाही बघितलं," ते शेवटी म्हणाले. "मास्तर, त्या दिवशी मी..."

"ते राहू द्या."

"तुला पाहिलं नव्हतं मी."

"राहू द्या म्हटलं ना. मी येणार नाही, दाजी."

"माहीत आहे."

"पोरीला काय सांगायचं ते मी बघतो."

आणि फोन बंद. ढकलणारा म्हणाला, "निघाले का?" वेतवाले म्हणाले, "निघतील." थोड्या वेळानं लेकीचा फोन आला. या वेळी त्यांनी उचलला.

"बाबा! मामाशी बोलले आत्ता! म्हणाला, तुम्ही बसलाय आणि तो सामान उचलतोय, घरी पोचल्यावर बोला म्हणून. किती हसत होता!"

"हसत होता?"

"हो! म्हणत होता, तुझा बाप एकदाचा खुर्चीत बसला. काय झालं होतं हो एवढं हसायला?"

"सवय आहे त्याला," वेतवाले म्हणाले. "बरं, ठेवतो. गाडी आली."

मग ते खुर्चीतून उठले, पँट झटकली, बॅग उचलली आणि टॅक्सीच्या दिशेनं चालायला लागले.

"अहो आजोबा! चालता की तुम्ही!"

"आत्ताच जमायला लागलं."

"आणि तुम्हाला ताब्यात कोण घेणार?"

"मीच घेतो," वेतवाले म्हणाले. "दुसरं कोणी मागत नाहीये."

लेकीचा शब्द पक्का होता. ती दुकान रिकामं करायला येणार नव्हती. वेतवाले जिंकले होते, आणि जिंकलेलं बघायला घरी पोचले. मी खिडकीत होतोच. जिना गप्प होता. टबातलं पाणी आटून तळाला पिवळी रेघ राहिली होती आणि पट्ट्या काड्यांसारख्या कडक झालेल्या. वरच्या खोलीत, परदेशी निघताना उपडा घातलेला पेला तसाच उपडा होता. दोरीवरचा टॉवेल तसाच, कॉटवरची घडी तशीच. एकट्याच्या घराचं हेच वाईट, महिन्यांनी परत या नाहीतर क्षणानं, कोणी काही हलवलेलं नसतं.

खिडकी उघडून ते तिथेच उभे राहिले. मग मास्तरांना फोन लावला. मला त्यांचंच बोलणं ऐकू आलं. मास्तरांचं पुढे मास्तरांनीच सांगितलं.

"पोचलो."

"मी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

दोघांनीही फोन ठेवला नाही. मास्तरांच्या स्वयंपाकघरात कुठलंसं भांडं पडलं.

"प्यायचं पाणी भरा," मास्तर म्हणाले. "शिळं असेल ते." आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टबात ताजं पाणी होतं आणि सगळ्यात वरचा खिळा रिकामा. ती मोडकी खुर्ची, मास्तरांची, वेतवाल्यांच्या गुडघ्यांत होती. विणायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, पट्ट्याही जाड निवडल्या, वजनाचा अंदाज होता. विणून झाल्यावर दाराशी वाळत ठेवली आणि खुर्चीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत दोरी बांधली, कोणी बसू नये म्हणून.

यथावकाश ती वाळली. मी एकदा सहज दोरी बाजूला करायला गेलो तर पोत्यावरून ओरडले, "अहो! बसू नका!"

"वाळलीय की. मी बोट लावून बघितलं."

"वाळलीय. तरी बसू नका."

मास्तर अजून आलेले नाहीत. शाळेच्या मैदानापासून दुकान काही लांब नाही, पण काही रस्ते माणसाच्या वजनानुसार लांबत असावेत. लेकीचा फोन मात्र ठरल्यासारखा येतो. परवा आला तेव्हा मी तिथेच होतो, पायरीवर उभा, कारण बसायला मला अजून खुर्ची मिळत नाही.

"बाबा, मामा येतो ना?"

"येतो की," वेतवाले म्हणाले, आणि दाराशी ठेवलेल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "हा काय, समोरच बसलाय."

दोरी त्या दिवशी बांधलेली नव्हती.